चिमणी उंच झाली, पण धूर गेला कुठे?

(पोस्ट लांब आहे, दहाएक मिनिटं लागतील. पण चंद्रपूरकरांनो, वाचा. विषय आपल्या रोजच्या श्वासाचा आहे.)

परवा चहाच्या टपरीवर एका तरुण पोराने अडवलं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही सारखं प्रदूषण प्रदूषण लिहिता. माझे वडील सांगतात, पूर्वी पॉवर हाऊसच्या चिमणीतून काळा धूर निघायचा. आता तर काहीच दिसत नाही. मग कमी झालं ना?"

प्रश्न साधा आहे, पण टपरीवर उभ्याउभ्या याचं उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर "हो" पण आहे आणि "नाही" पण. जे डोळ्याला दिसतं ते खरोखर कमी झालं. जे दिसत नाही त्याचं काय झालं, ही चाळीस वर्षांची कहाणी आहे. तीच आज सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोंमध्ये जाड्या, कमरेत बारीक अशा बुटक्या मनोऱ्यांतून पांढरे ढग निघताना दिसतात. "पाहा किती प्रदूषण" असं खाली लिहिलेलं असतं. ते कूलिंग टॉवर आहेत. त्यातून निघते ती पाण्याची वाफ. प्रदूषण निघतं ते शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून, आणि तिथे बरेचदा काहीच दिसत नाही. म्हणजे आपण चुकीच्या ठिकाणी बोट दाखवतो आणि खऱ्या ठिकाणी पाहून निश्चिंत होतो.

आता इतिहास.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३ साली सुरू झाला. जागा का निवडली हे सगळ्यांना माहीत आहे. दुर्गापूर, पद्मापूरच्या कोळसा खाणी दाराशी, पाण्याला इरई. १९८६ पर्यंत २१० चे चार संच झाले. मग १९९१, १९९२ आणि १९९७ मध्ये ५०० मेगावॅटचे तीन. एकूण २३४० मेगावॅट. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार या एका ठिकाणाने उचलला. हजारो घरांच्या चुली या केंद्रावर पेटल्या, हेही विसरून चालणार नाही.

पण वीज इथे लागत होती का? थोडी. बाकीची कुठे जाते ते पाहायचं असेल तर तारा पाहा. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची एकदिश विजेची लाइन सुरू झाली. पडघे म्हणजे भिवंडी-कल्याणकडचं. सुमारे साडेसातशे किलोमीटर. १५०० मेगावॅट वीज राज्याच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेला नेण्याची तिची क्षमता. वीज तारेतून जाते. राख आणि धूर तारेतून जात नाही.

किती राख, किती धूर? ढोबळ हिशोब करू. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. दिवसाला ८,४०० टन झाला. आपल्याकडच्या कोळशात ३५ ते ४० टक्के राखच असते, म्हणजे ३,००० टनांच्या आसपास राख. त्यातली साधारण पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडते. उरलेली २,४०० टन पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर वर निघते. एका संचाची, एका दिवसाची.

ही राख जशीच्या तशी बाहेर सोडली तर शहर आठवडाभरात गाडलं जाईल. म्हणून धूर चिमणीत जाण्याआधी एका मोठ्या यंत्रातून नेतात. त्याला ईएसपी म्हणतात. आत लोखंडी पत्र्यांच्या रांगा असतात, त्यांच्यामध्ये प्रचंड दाबाची वीज. राखेच्या कणांना विद्युतभार मिळतो, ते पत्र्याला चिकटतात, पत्र्यावर हातोडे पडतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये जमा होते. यंत्र नीट चाललं तर ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतं.

ऐंशीच्या दशकात नियम असा झाला की २१० मेगावॅट आणि त्यावरच्या संचांच्या धुरात घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको. लहान संचांना ३५० ची सूट. ५०० मेगावॅटच्या संचातून तासाला साधारण २० लाख घनमीटर धूर निघतो. १५० च्या मर्यादेने दिवसाला सातेक टन धूळ होते. कुठे २,४०० टन आणि कुठे ७ टन! अर्थात ईएसपीचा एखादा कप्पा बंद पडला किंवा संच नुकताच पेटवला की हे गणित बिघडतं, आणि तेव्हा धूर डोळ्याला दिसतोच. पण त्या पोराच्या वडिलांना आणि त्या पोराला दिसणाऱ्या चिमणीतला फरक यंत्रांच्या आणि नियमांच्या या सुधारणेतून आला. तो मान्य करायलाच पाहिजे.

आता न दिसणारा भाग.

कोळशात राखेबरोबर गंधकही असतं. आपल्या कोळशात ते कमी आहे, साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडं कमी. "आपल्या कोळशात गंधक कमी" हे वाक्य पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा. पण वरचाच हिशोब पुढे न्या. ८,४०० टन कोळशात ०.४ ते ०.५ टक्के गंधक म्हणजे ३४ ते ४२ टन. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो तेव्हा वजन दुप्पट होतं. म्हणजे दिवसाला ६५ ते ८५ टन वायू, एका संचाचा. टक्का लहान आहे हो, पण कोळशाचा ढीग केवढा आहे!

या वायूला रंग नाही. तो वायू असल्यामुळे ईएसपीच्या पत्र्यांना चिकटत नाही. सरळ वर जातो.

मग ऐंशीच्या दशकात त्याच्यासाठी काय नियम केला? किती वायू सोडायचा याची मर्यादा घातलीच नाही. मर्यादा घातली ती चिमणीच्या उंचीला. २०० ते ५०० मेगावॅटच्या संचाला २२० मीटर चिमणी, ५०० आणि त्यावर २७५ मीटर. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. एकावर एक जवळपास पावणेचार कुतुबमिनार रचले की ही चिमणी होते. कल्पना अशी की धूर उंचावर सोडला की वाऱ्याने पसरेल, पातळ होईल आणि खाली येईपर्यंत त्रास होणार नाही.

ही कल्पना आपली नव्हती. ती आधी इंग्लंडमध्ये वापरून झाली होती, आणि तिचा निकालही लागला होता.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं. त्या वेळच्या सरकारी अंदाजाने ४,००० माणसं दगावली, नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरातला धूर हटला. वीज केंद्रं शहराबाहेर गेली आणि त्यांच्या चिमण्या उंच झाल्या. लंडनची हवा सुधारली. पण साठच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की आमच्या तळ्यांमधले मासे मरतायत, पाऊस आम्लाचा पडतोय आणि त्यातलं गंधक समुद्रापलीकडच्या देशांतून येतंय. उंच चिमणीने धूर संपवला नव्हता, शेजाऱ्याच्या अंगणात टाकला होता. १९७९ मध्ये या सीमापार प्रदूषणावर जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार करावा लागला.

गंमत म्हणजे याच लंडनमध्ये, टेम्सच्या काठी, बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकातच धूर धुवून गंधक काढत होते. केंद्र भर वस्तीत होतं, लोकांनी ओरड केली, म्हणून धुवावं लागलं. तंत्र नव्वद वर्षं जुनं आहे. कुठे वापरायचं हे ठरवताना प्रश्न तंत्राचा नव्हता. शेजारी कोण राहतं, याचा होता.

हे वाक्य आता महाराष्ट्राला लावून पाहू.

धूर धुण्याच्या आजच्या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. बहुतेक ठिकाणी चुनखडीची पूड पाण्यात कालवून धुरावर फवारतात. गंधक चुन्याशी जोडलं जातं आणि जिप्सम तयार होतं. नव्वद टक्क्यांहून जास्त वायू असा पकडता येतो. समुद्राकाठी खारं पाणी वापरूनही हे जमतं. मुंबईत ट्रॉम्बेच्या केंद्रात अशी खाऱ्या पाण्याची यंत्रणा ऐंशीच्या दशकातच बसली. शेजारी मुंबई होती.

दुसरं उदाहरण डहाणूचं. तिथे नव्वदच्या दशकात २५० मेगावॅटचे दोन संच आले, म्हणजे चंद्रपूरच्या एका मोठ्या संचाएवढं केंद्र. पण चिकूच्या बागायतदारांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी पिच्छा सोडला नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ च्या निकालानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी बसवायचा आदेश दिला. आठ वर्षं लढत, रेटत २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशात गंधकाच्या वायूला मर्यादा घालणारा सर्वसाधारण नियम तेव्हा नव्हताच, तरी डहाणूत हे झालं. कारण तिथे माणसं मागे लागली आणि त्यांचं ऐकणारं एक टेबल होतं.

चंद्रपूरला असं टेबल मिळालं नाही. उलट सूट मिळाली.

१९९७ मध्ये केंद्राने नियम केला की खाणीपासून हजार किलोमीटरपलीकडच्या, तसंच शहरी किंवा अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा कमी राखेचा कोळसा वापरावा. यातून खाणीच्या तोंडाशी असलेली केंद्रं वगळली होती. व्यवहार म्हणून बरोबर वाटतं, दारातला कोळसा धुवून आणायचा कशाला? पण अर्थ काय झाला ते पाहा. ज्याच्या जमिनीतून कोळसा निघतो त्याच्याच वाट्याला जास्त राखेचा कोळसा. पुढे अंतर ५०० किलोमीटरवर आणलं, आणि मे २०२० मध्ये राखेच्या टक्क्याचं हे बंधनच काढून टाकलं.

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचं मोजमाप जाहीर केलं. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर देशात चौथा नंबर. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना स्थगिती आली. कृती आराखडे तयार झाले. यात सगळा दोष वीज केंद्राचा नव्हता, हेही सांगतो. उघड्या खाणी, कोळशाचे ट्रक, सिमेंट कारखाने, वस्त्यांमधल्या कोळशाच्या शेगड्या, सगळ्यांचा वाटा आहे. पण सगळे दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही, असं होता कामा नये.

मग ७ डिसेंबर २०१५ ला खरा बदल आला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशाच्या सगळ्या वीज केंद्रांसाठी नवे निकष काढले. धूळ जुन्या संचांना १००, २००४ ते २०१६ मधल्या संचांना ५०, २०१७ पासूनच्या संचांना ३०. आणि पहिल्यांदाच गंधकाच्या वायूला देशभर मर्यादा: ५०० मेगावॅटखालच्या जुन्या संचांना ६००, मोठ्यांना २००, २०१७ नंतरच्यांना १००. एफजीडीशिवायच्या धुरात हे प्रमाण ढोबळमानाने हजाराच्या वर जातं. म्हणजे धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुदत दोन वर्षं.

चंद्रपुरात ५०० मेगावॅटचे आठवा आणि नववा हे संच २०१६ मध्ये सुरू झाले. आणखी थोडे महिने गेले असते तर त्यांना १०० आणि ३० ची कडक मर्यादा लागली असती. पहिले दोन जुने संच पुढे बंद झाले. आजची क्षमता २९२० मेगावॅट.

मुदतीचं काय झालं? डिसेंबर २०१७ उलटला तेव्हा २०२२ पर्यंत वाढ मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट केले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं अ गटात. अतिप्रदूषित क्षेत्रं किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांजवळची ब गटात. बाकी सगळी क गटात. चंद्रपूर या दोन्ही याद्यांत असल्यामुळे आपलं केंद्र निकषाने ब मध्ये बसतं. ब ची मुदत डिसेंबर २०२३ होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती २०२५ झाली. ३० डिसेंबर २०२४ ला ती २०२८ झाली.

आणि मग ११ जुलै २०२५. क गटातल्या केंद्रांना, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना, गंधकाच्या वायूच्या मर्यादेतून सूट मिळाली. अट काय? चिमणीच्या उंचीचे निकष पाळायचे.

फिरून फिरून परत चिमणीवरच आलो. ब गटाचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक केंद्र पाहून घेणार, असं ठरलं.

सरकारची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. म्हणणं असं की आपल्या कोळशात गंधक कमी. बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच आहे. एफजीडीला मेगावॅटमागे कोटीच्या घरात खर्च येतो, तो शेवटी आपल्या वीजबिलात येईल. चुनखडी खणा, वाहा, पाणी वापरा, यंत्रणेलाच वीज लागते. त्यापेक्षा आधी धूळ पकडा.

शेवटचं वाक्य बरोबर आहे, धूळ आधी पकडाच. पण हवेतला सल्फर डायऑक्साइड मोजून "सगळं ठीक" म्हणण्यात एक पळवाट राहते. हा वायू हवेत कायम वायू राहत नाही. काही तासांत, काही दिवसांत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात. ते शेकडो किलोमीटर जातात. मोजणीच्या यंत्रावर ते "सल्फर डायऑक्साइड" म्हणून दिसत नाहीत, "पीएम २.५" म्हणून दिसतात, म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ. चिमणीतून वायू म्हणून सुटलेला माल खाली येताना धूळ होऊन येतो, आणि तोवर त्याच्यावरचं नाव पुसलेलं असतं.

आणि कमी गंधकाची दुसरी बाजू. गंधक कमी असलेल्या कोळशाची राख विद्युतभार सहज धरत नाही, म्हणून तिला पकडायला ईएसपी मोठा लागतो. आपला कोळसा गंधकात चांगला आणि राखेत कठीण, असा दुहेरी आहे. सोयीचं तेवढंच सांगून भागत नाही.

खर्चाच्या मुद्द्यावर चंद्रपूरकर म्हणून एक विचारायचं आहे. चुनखडी कुठे आहे? राजुरा-कोरपना पट्ट्यात. एफजीडीतून निघणारं जिप्सम कोणाला लागतं? सिमेंट कारखान्यांना. ते कुठे आहेत? गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, सगळे याच जिल्ह्यात. कच्चा माल जिल्ह्यात, जिप्समचं गिऱ्हाईक जिल्ह्यात, धूरही जिल्ह्यात. पाण्याची अडचण खरी आहे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने संच बंद ठेवावे लागले होते, हे आपण पाहिलंय. पण वाहतुकीचा जो खर्च दुसरीकडे सांगतात तो इथे नक्कीच कमी आहे. हा हिशोब समितीसमोर कोणी मांडणार आहे का?

तिकडे इंग्लंडने ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. आपल्याला तसं लगेच जमणार नाही, देशाची बहुतांश वीज अजून कोळशावर आहे. म्हणूनच प्रश्न जास्त गंभीर आहे. जे केंद्र आणखी वीस वर्षं चालणार आहे, त्याचा धूर धुवायचा की नाही, हे आत्ताच ठरणार.

म्हणून करायचं काय? तीन साध्या गोष्टी.

एक, चिमण्यांवर चोवीस तास मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रं आहेत, २०१४ पासून मोठ्या उद्योगांना ती बंधनकारक आहेत. प्रत्येक संचाचे धुळीचे आणि सल्फर डायऑक्साइडचे आकडे शहराच्या चौकात, मराठीत, मोठ्या फलकावर लागले पाहिजेत.

दोन, ब गटाचा निर्णय होताना महापालिकेचा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींचा ठराव समितीकडे गेला पाहिजे. नगरसेवक, सरपंच, आमदार, जो कोणी ओळखीचा असेल त्याला विचारा: ठराव केला का?

तीन, हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम असते, तेव्हा धूळ-धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा खालीच साचतो. वर्षाची सरासरी काढली की असे दिवस तिच्यात विरघळून जातात. म्हणून आकडे मागायचे तर रोजचे मागा, सरासरीचे नाही.

टपरीवरच्या त्या पोराला आता उत्तर देतो. बापू, तुझ्या वडिलांच्या काळापेक्षा दिसणारा धूर कमी झाला, कारण त्याला मर्यादा घातली आणि पकडायला यंत्र बसवलं. न दिसणाऱ्या धुराला मर्यादा घालायला २०१५ उजाडलं, आणि तेव्हापासून फक्त तारखा पुढे सरकल्या. डहाणूचं केंद्र आपल्या एका संचाएवढं. तिथे अठरा वर्षांपूर्वी जे झालं, ते इथे का होत नाही, एवढंच विचारत राहा.

पटलं तर पुढे पाठवा. चूक दिसली तर सांगा, दुरुस्त करतो.